दिवाळीचा सीझन आणि भिवंडीतलं गोडाऊन: नव्या सुपरवायझरसाठी

गोडाऊनमध्ये नवीन लागलेल्या माणसाला सीझन म्हटलं की दोन धास्ती असतात: माणसं पुरतील का आणि जागा पुरेल का. दोन्ही कमी पडतातच. पण भिवंडीतली बरीचशी गोडाऊनं सीझनला तुंबतात ती दारात. बाहेर गाड्यांची रांग, डॉकवर (गाडी लावून माल चढवा-उतरवायच्या ओट्यावर) उतरवलेला माल अजून मोजायचा राहिलेला, त्याच पेट्यांमधून वाट काढत भरायच्या गाडीचा माल निघालेला, आणि आत रॅकवर बघावं तर जागा आहे. मानकोलीपासून पडघ्यापर्यंत कुठल्याही कंपाउंडमध्ये ऑक्टोबरात हे चित्र दिसेल. म्हणून इथे मी रॅक आणि सॉफ्टवेअरपेक्षा दाराबद्दल जास्त बोलणार आहे. उदाहरणं घेतोय किराणा आणि साबण-तेलाच्या मालाची. कपडे किंवा इलेक्ट्रॉनिक्स असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

भिवंडीत एवढी गोडाऊनं का, हेही ठाऊक असू द्या. माल मुंबईच्या हद्दीत शिरला की जकात लागायची, म्हणून कंपन्या तो नाक्याच्या अलीकडे ठेवायच्या आणि लागेल तसा आत न्यायच्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. त्याच वेळी करासाठी राज्याराज्यांत छोटे डेपो ठेवण्याचं कारणही उरलं नाही, आणि कंपन्यांनी ते डेपो गुंडाळून मोठी गोडाऊनं घेतली. त्यामुळे पूर्वी तीन-चार ठिकाणी वाटला जाणारा सीझन आता एकाच छपराखाली येतो, आणि दारं काही त्या हिशेबात वाढलेली नसतात.

आधी कॅलेंडर नव्हे, पंचांग

जुलैमध्ये हेड ऑफिसकडून अंदाजाची शीट येते: गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात किती गेलं, त्यावर काही टक्के वाढवून यंदाचा ऑक्टोबर. ही शीट आहे तशी स्वीकारू नका. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, दसरा २ ऑक्टोबरला आणि महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने सगळं अडीच आठवडे पुढे गेलंय: गणपती १४ सप्टेंबर, दसरा २० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. तारखेला तारीख जुळवलीत तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माणसं बसवून ठेवाल आणि शेवटच्या आठवड्यात शोधत फिराल.

तिथीने जुळवा. दोन्ही वर्षी गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन अंतर ५५ दिवसांचं आहे, दसऱ्यापासून १९ दिवसांचं. गेल्या वर्षीचा रोजचा डिस्पॅच काढा आणि त्यावर तारखेऐवजी 'लक्ष्मीपूजनाच्या आधी किती दिवस' असा आकडा टाका. उणे ४०, उणे ३०, उणे १०. मग यंदाच्या तारखा त्या आकड्यांवर बसवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, एक्सेल येणारा कुठलाही पोरगा करून देईल.

त्यावर महिनाअखेर टाकायला विसरू नका. टार्गेट पूर्ण करायला सेल्सवाले शेवटच्या तीन दिवसांत माल ढकलतात, हे बारा महिने चालतं. यंदा ३१ ऑक्टोबर शनिवारी येतोय आणि धनत्रयोदशी त्याच्या पुढच्या शुक्रवारी, ६ नोव्हेंबरला. म्हणजे महिनाअखेरीचा रेटा आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा एकमेकांना चिकटून आले आहेत. सेल्सच्या मॅनेजरला आत्ताच गाठा आणि दिवाळीच्या ऑर्डरीतला थोडा भाग २० ऑक्टोबरच्या आधी निघेल असं बघा. तो हो म्हणेल आणि करणार नाही, तरी सांगून ठेवा, मेलवर.

कोणता माल कधी हलतो

नवा माणूस किती माल येणार ते विचारतो. कोणत्या क्रमाने जाणार, हे विचारणं जास्त महत्त्वाचं. फराळाचं सामान आधी सुटतं: तेलाचे डबे, वनस्पती तूप, बेसन, मैदा, रवा. घरोघरी चकलीचा घाणा दिवाळीच्या आठवडाभर आधी पडतो, म्हणजे दुकानात माल त्याच्या आधी हवा, डिस्ट्रिब्युटरकडे त्याच्याही आधी. आपल्या दारातून तो लक्ष्मीपूजनाच्या तीन-चार आठवडे आधी जायला लागतो. मग बिस्किटं, चॉकलेटं, सुकामेव्याचे गिफ्ट पॅक, कारण कंपन्या आणि सोसायट्या वाटप दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात करतात. उटणं, सुगंधी तेल, मोती साबण यांची मागणी सगळ्यात शेवटी उसळते, आणि ती पहिल्या अंघोळीनंतर बंद. नरक चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी उटण्याची पेटी कोणी फुकट घेत नाही.

म्हणून जागा लावताना एकदाच लावून मोकळं होता येत नाही. दाराजवळच्या पहिल्या दोन-तीन ओळी दर दहा-बारा दिवसांनी बदलायच्या. तेल गेलं की तिथे गिफ्ट पॅक, ते हलले की साबण. हा बदल रात्रपाळीत किंवा रविवारी करायचा. दिवसा रीच ट्रक (उंच रॅकवरचा माल काढणारं यंत्र) या कामाला लावलात तर पिकिंगची, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे माल काढणारी, पोरं हात बांधून उभी राहतील.

यात सगळ्यात उपयोगी पडतो पितृपक्ष. गणपती उठले की खरेदी थंडावते, घाऊक बाजारही थोडा सुस्त असतो, आणि कारखान्यांतून दिवाळीचा माल तर यायला लागलेला असतो. यंदा तो २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर आहे. त्या दोन आठवड्यांत सगळ्या मालाची मोजणी करून घ्या, एक्स्पायरी जवळ आलेला माल वेगळा काढा, तुटलेली पॅलेट (माल रचायचे फळ्यांचे पाट) बाजूला करा, रॅकचे वाकलेले खांब दुरुस्त करून घ्या, फोर्कलिफ्टची सर्व्हिसिंग उरका. घट बसले की यातलं एकही काम होणार नाही.

दाराचं गणित

वही घ्या आणि स्वतः मांडा. समजा, माल उतरवायला तुमच्याकडे चार डॉक आहेत. सुट्या पेट्या भरलेली ३२ फुटी गाडी सहा जणांची टोळी मोजणीसकट अडीच तासांत खाली करते. दहा तासांच्या पाळीत एका डॉकवर चार गाड्या, म्हणजे एकूण सोळा. कागदावर सोळा. प्रत्यक्षात जेवण आहे, पाऊस आहे, घोडबंदरला अडकून उशिरा आलेली गाडी आहे, बिलात एक आणि गाडीत दुसराच माल आहे. बारा धरा. तुम्ही रोज सोळा गाड्यांना बोलावलं आणि बारा खाली केल्या, तर पाचव्या दिवशी संध्याकाळी दारात वीस गाड्या उभ्या असतील. त्यातल्या एखाद्या गाडीत नेमका तोच माल असेल ज्यासाठी सेल्सचे फोन सकाळपासून चालू आहेत, आणि ती गाडी रांगेत अठरावी असेल.

तेव्हा बारा स्लॉट (गाड्या लावायच्या ठरलेल्या वेळा) पाडा, त्यातले दहाच वाटा, दोन हातात ठेवा. ट्रान्सपोर्टरला आदल्या दिवशी दुपारपर्यंत स्लॉट कळवा: गाडी नंबर, वेळ, डॉक. वेळेवर आलेली गाडी आधी लावायची, मग ती छोट्या ट्रान्सपोर्टरची का असेना. हा नियम पहिल्या आठवड्यात मोडलात की पुढे कोणी पाळणार नाही. वरून फोन येईल, 'आमची गाडी आधी घ्या.' त्यासाठीच ते दोन स्लॉट राखलेत. ते संपले की नाही म्हणा, आणि स्लॉट शीट समोर ठेवून म्हणा.

पॅलेटवर आलेली गाडी पाऊण तासात खाली होते. म्हणून ज्या कारखान्याकडून रोज गाड्या येतात, त्यांना सीझनपुरता तरी माल पॅलेटवर पाठवायला सांगून बघा. गाडीत माल थोडा कमी बसतो म्हणून ते कुरकुर करतील. वाचलेल्या पावणेदोन तासांचा हिशेब त्यांच्यापुढे मांडा.

आता डॉकच्या आतली जागा. एका गाडीतून वीस पॅलेट माल उतरला असं धरू. १.२ बाय १ मीटरचं पॅलेट, म्हणजे नुसत्या पॅलेटखाली अडीचशेच्या वर चौरस फूट जातात. हँड पॅलेट ट्रक फिरवायला, मोजणाऱ्याला उभं राहायला जागा धरली की एका गाडीमागे ५०० चौरस फूट. चार डॉक एकदम चालवायचे तर दोन हजार चौरस फूट मोकळी फरशी हवी, आणि भरायच्या मालाची जागा त्याहून वेगळी. पिवळ्या पट्ट्या मारून दोन्ही आखून घ्या. सीझनला या मोकळ्या फरशीकडे बघून कोणीतरी हमखास म्हणतं, 'एवढी जागा रिकामी आहे, इथे पाचशे पेट्या थप्पी मारू.' मारू देऊ नका. गोडाऊनमधली सगळ्यात महाग जागा तीच, आणि ती रिकामी असेल तेव्हाच तिचा उपयोग.

डॉक कमी असतील तर वेळ वाटून घ्या. सकाळी उतरवणं, दुपारनंतर भरणं. मुंबई-ठाण्यात अवजड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते आणि सणांत त्या वेळा बदलतात. वाहतूक पोलिसांची अधिसूचना निघाली की तिची प्रत गेटवर चिकटवा. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालतात, तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याचा माल त्याच्या आधी काढायचा. ते जमलं नाही तर कोल्हापूरमार्गे फेरा पडतो आणि भाडं वाढतं.

गाडी डॉकला लागली की

इथे घाई करायची नाही. दार उघडण्याआधी सीलचा नंबर बिल्टीवरच्या (ट्रान्सपोर्टरच्या मालपावतीवरच्या) नंबरशी ताडून बघा, सीलचा फोटो घ्या, मगच ते तोडा. दार उघडल्यावर पहिल्या रांगेचा एक फोटो. पेट्या ओल्या किंवा दबलेल्या दिसल्या तर ड्रायव्हरला जवळ बोलावून दाखवा. मोजणी थप्पीने: पाच बाय चार, सहा थर, १२० पेट्या, शेवटची अर्धी थप्पी हाताने. दोन माणसांनी वेगवेगळी मोजायची आणि आकडे शेवटी जुळवायचे. एकच जण मोठ्याने मोजतोय आणि दुसरा लिहितोय, ही पद्धत सीझनच्या गोंगाटात निरुपयोगी आहे.

माल कमी भरला किंवा खराब निघाला तर गाडी हलायच्या आत बिल्टीच्या सगळ्या प्रतींवर शेरा लिहा आणि त्याखाली ड्रायव्हरची सही घ्या. 'तपासून कळवतो' असा शेरा काही कामाचा नाही. '७ पेट्या कमी, ४ पेट्या ओल्या' असं आकड्यात लिहायचं. क्लेम पुढे याच ओळीवर उभा राहतो. आणि जीआरएन (माल मिळाल्याची सिस्टीममधली नोंद) त्याच दिवशी. फरशीवर पडून असलेला पण सिस्टीममध्ये न आलेला माल असून नसल्यासारखा. बिलिंगवाल्याला तो दिसत नाही, तो ऑर्डर कापतो, आणि डिस्ट्रिब्युटर तुमच्या नावाने खडे फोडतो.

ड्रायव्हरशी नीट वागा. गाडी खोटी झाली, म्हणजे खोळंबली, की त्याचा पुढचा फेरा जातो. बसायला सावली, प्यायचं पाणी आणि वापरता येईल असा संडास, एवढं दिलंत तरी ट्रान्सपोर्टर सीझनमध्ये तुमच्याकडे गाडी लावायला नाही म्हणत नाही. वाराईचे (माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचे) पैसे कोणी द्यायचे यावरून डॉकवर भांडणं होतात. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे. तुमच्या करारात काय लिहिलंय ते सीझनआधी वाचून ठेवा, म्हणजे रात्री अकराला ड्रायव्हर आणि टोळी यांच्यामध्ये उभं राहून अंदाजाने बोलायची वेळ येणार नाही.

टोळी, मुकादम, आणि गावाला जाणारी माणसं

चढ-उतार करणारे कामगार माथाडी मंडळाकडे नोंदलेले असतील तर त्यांची मजुरी आणि लेव्ही (मजुरीवर मंडळ आकारतं ती जादा रक्कम) मंडळामार्फतच जाते. १९६९ च्या कायद्याने घालून दिलेली ही पद्धत आहे, त्यात मधला रस्ता शोधू नका. जादा टोळी हवी तर मुकादमाशी श्रावणातच बोला. दर पेटीवर की टनावर, रात्रीचा वेगळा का, गिफ्ट पॅकच्या हलक्या पण मोठ्या खोक्यांचं काय, सगळं लिहून घ्या. त्या खोक्यांवरून दरवर्षी वाद होतो.

पॅकिंग, पिकिंग, लेबल लावणं यासाठी कंत्राटदाराची पोरं येतात. त्यांतली बरीच उत्तर प्रदेश-बिहारची, बाकीची मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली. दिवाळीला दोघंही गावाला जातात. बिहारकडची पोरं लक्ष्मीपूजनानंतर सहा-सात दिवसांनी येणाऱ्या छठसाठी, आणि ती एकदा गेली की पंधरा दिवस परतत नाहीत. मराठवाड्यातल्यांचं सोयाबीन नेमकं दसऱ्याच्या आसपास काढणीला येतं. म्हणजे काम शिगेला पोचतं तेव्हाच माणसं घटतात. रजा नाकारून उपयोग नाही, ती न सांगता जातात. सप्टेंबरातच प्रत्येकाला विचारून एक यादी करा: कोण कधी जाणार, तिकीट काढलंय का. बोनस आणि ओव्हरटाइमचे पैसे कधी मिळणार याची तारीख सांगा आणि ती पाळा. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, त्यात कंत्राटदार कुठे मारतोय का याकडे तुमचं लक्ष हवं. दिवाळी गावाला न करणारी स्थानिक माणसं, विशेषतः पॅकिंगला आसपासच्या गावांतल्या बायका, यांना आधीपासून शिकवून ठेवलंत तर शेवटचे आठ दिवस निघतात. त्यांना रात्री उशिरापर्यंत थांबवायचं असेल तर घरी सोडायला गाडीची सोय आधी.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी पिकिंगला पाठवू नका. एक दिवस लेबलवर, एक दिवस मोजणीवर, मग पिकिंग. ५० ग्रॅम आणि ७५ ग्रॅमचा साबण सारख्याच रंगाच्या पेटीत येतो. अशा जुळ्या मालाला शेजारी शेजारी जागा देऊच नये.

खंडेनवमी-दसऱ्याला फोर्कलिफ्ट, वजनकाटा, स्कॅनर सगळ्यांना झेंडूचे हार पडतात, पूजा होते, पेढे वाटले जातात. त्या सकाळी स्लॉट देऊ नका. दिलेत तरी गाडी कोणी उतरवणार नाही.

निघणारी गाडी आणि ई-वे बिल

माल काढताना आधी आला तो आधी, हा नियम किराण्याला पुरत नाही. आधी एक्स्पायर होणारा आधी काढायचा. मोठे रिटेलवाले आणि ऑनलाइनवाले शिल्लक मुदत कमी असलेला माल दारातूनच परत पाठवतात, आणि त्या परतीचं भाडं आपल्या बोडक्यावर.

गाडी भरताना शेवटचा थांबा आत, पहिला थांबा दाराशी. सांगायलाही नको इतकी साधी गोष्ट, पण रात्री दोनला हीच चुकते. जड डबे खाली, हलके खोके वर, आणि साबण-अगरबत्तीच्या शेजारी चहा-बिस्किटं नकोत, वास लागतो.

ई-वे बिल म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ते लागत नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ही मर्यादा ५० हजारांची आहे. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. ही मुदत पार्ट बीमध्ये (बिलाच्या गाडीचा तपशील भरायच्या भागात) गाडी नंबर पहिल्यांदा भरला की चालू होते. सीझनला घडतं ते असं: बिलिंगवाला महिनाअखेरीला रात्री सगळी बिलं फाडतो, हाताशी असलेले गाडी नंबर टाकतो, आणि गाडी भरते दोन दिवसांनी. रस्त्यात मुदत संपते. गाडी भरून दार बंद होईपर्यंत पार्ट बी भरू देऊ नका. वाटेत गाडी बदलली तर नवा नंबर टाकलाच पाहिजे. मुदत वाढवायची असेल तर संपण्याच्या आठ तास आधीपासून नंतर आठ तासांपर्यंतच, आणि बिल रद्द करायचं तर २४ तासांच्या आत.

पाऊस आणि आग

मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. तोवर संध्याकाळच्या सरी धरूनच चाला. एकही पेटी थेट फरशीवर ठेवायची नाही, भिंतीपासून फूट-दीड फूट जागा सोडायची, डॉकवर ताडपत्री तयार हवी. खालच्या थराचा पुठ्ठा दमट झाला की तो वरचं वजन पेलत नाही आणि अख्खी थप्पी कलते. हे एका रात्रीत घडतं.

आगीबद्दल मात्र कोणाचीही भीड बाळगू नका. भिवंडीत गोडाऊनला लागलेल्या आगीची बातमी दरवर्षी येते. डिओ, परफ्यूम, सॅनिटायझर वेगळ्या जागी, थप्पी दिव्यापासून आणि स्प्रिंकलरपासून दीड फूट खाली. फोर्कलिफ्टची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिथे हवा खेळती हवी आणि जवळपास पुठ्ठा-थर्माकोल नको. सीझनला आपत्कालीन दरवाजापुढे माल हमखास रचला जातो. रोज पाळी सुरू होताना स्वतः जाऊन ते दार उघडून बघा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सिक्युरिटी दुप्पट ठेवा, वरच्या खिडक्या बंद करा. रॉकेट कुठून येईल सांगता येत नाही.

भाऊबीजेनंतर

इथे नवे लोक सुट्टी टाकतात आणि फसतात. भाऊबीज झाली की परतीचा माल सुरू होतो: न खपलेले गिफ्ट पॅक, फुटलेल्या बाटल्या, ऑनलाइन ग्राहकाने दारातून परत पाठवलेल्या पेट्या. माणसं कमी, आणि हा माल सगळ्यात किचकट, कारण प्रत्येक पेटी उघडून बघावी लागते. डॉकचा एक दरवाजा परतीसाठीच ठेवा आणि त्याची जागा चांगल्या मालापासून जाळीने तोडा. चार ढीग करा: तसाच विकता येईल असा, पुन्हा पॅक करायचा, कंपनीला परत आणि भंगार. गिफ्ट पॅक फोडून आतला सुटा माल पुन्हा विक्रीला घालायचा असेल तर कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या. आतल्या प्रत्येक वस्तूवर स्वतंत्र एमआरपी छापलेली असतेच असं नाही.

परत आलेला माल त्याच दिवशी नोंदवा. डिस्ट्रिब्युटरला क्रेडिट नोट (परत दिलेल्या मालाचे पैसे जमा धरल्याचा कागद) उशिरा मिळाली की तो पुढच्या बिलाचे पैसे अडवतो, आणि डिसेंबरात सेल्सवाले विचारायला तुमच्याकडेच येतात. परतीचा ढीग उपसून झाला की पूर्ण मोजणी घ्या आणि लगेच रोजच्या गाड्यांचा आकडा, रिकामे गेलेले स्लॉट, रात्री उभ्या राहिलेल्या गाड्या हे सगळं एका शीटमध्ये लक्ष्मीपूजनापासूनच्या उण्या दिवसांनी मांडून सेव्ह करून ठेवा. पुढच्या जुलैत हेड ऑफिसची शीट येईल तेव्हा तिच्याशेजारी ठेवायला तुमच्याकडे स्वतःची असेल.